ईसीजी नसलेल्या अल्ट्रासाउंड मशीनवर ब्रेकियल आर्टरीचा (दंडातल्या मुख्य धमनीचा) डायमीटर, मदत हवी आहे
एमडी फिजिऑलॉजीच्या थिसिससाठी एफएमडी (फ्लो-मीडिएटेड डायलेशन, रक्तप्रवाह वाढल्यावर धमनी किती रुंदावते त्याची चाचणी) करतेय, म्हणजे कोपराच्या जरा वर ब्रेकियल आर्टरीचा बेसलाइन डायमीटर घ्यायचा, मग फोरआर्मवरचा कफ सिस्टॉलिक (वरच्या) बीपीपेक्षा 50 मिमी पारा जास्त फुगवून 5 मिनिटं तसाच ठेवायचा आणि सोडल्यावर आर्टरी किती रुंदावते ते बघायचं. आर्टरी साधारण 4 मिमी, त्यात 5 टक्के वाढ म्हणजे फक्त 0.2 मिमी, कॅलिपर (स्क्रीनवरची मोजायची खूण) केसभर सरकला की मुसळ केरात!

लिनियर प्रोब 12 मेगाहर्ट्झवर आहे, उभा व्ह्यू (आर्टरीच्या लांबीच्या दिशेने), वरच्या-खालच्या दोन्ही भिंतींवर इंटिमाची (आतल्या अस्तराची) रेघ स्पष्ट दिसली की मगच फ्रीझ करते. प्रोब हातात धरत नाही, स्टँडला लावलाय, जेल भरपूर, दाब नाही. माणूस उपाशी, चहा-तंबाखू बंद, खोली थंड नाही, आधी पडून विश्रांती. तरीही बेसलाइनच्याच दोन रीडिंगमध्ये जवळपास तेवढाच फरक येतो. माझा संशय ठोक्यावर आहे, सिस्टोलमध्ये (हृदय आकुंचन पावताना) आर्टरी फुगते आणि मी नक्की कुठे फ्रीझ करते ते कळत नाही कारण मशीनला ईसीजी लीडच नाही. गाईड म्हणतात ॲव्हरेज घे, पण ते मला पटत नाही.

क्लिप एव्हीआय व्हिडिओ फाइलमध्ये निघते, नवीन मशीन किंवा विकतचं सॉफ्टवेअर मिळणार नाही हे गृहीत धरा. तर क्लिपमधून प्रत्येक ठोक्यातला सगळ्यात लहान डायमीटर काढून तोच एंड-डायस्टोल (पुढच्या ठोक्याच्या अगदी आधीचा क्षण) धरला तर चालेल का, आणि भिंतीची कड आपोआप पकडणारं फुकटातलं काही कोणी स्वतः वापरलंय का?