गोठ्यात उंदीर झालेत, पण मांजर-कुत्रा पण आहेत

गुहागरकर: पेंढा भरल्यापासून गोठ्यात उंदरांनी उच्छाद मांडलाय, गाडीच्या वायरी पण कुरतडल्या. औषध टाकायची भीती वाटते, मनी आणि टायगर दिवसभर तिथेच असतात. काय करू?

माडाखाली: औषध नकोच! ब्रोमॅडिओलोन म्हणजे ते उंदीर मारायचं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्त फिरतो आणि तोच मांजर पकडते, मग विष तिच्याही पोटात. आमचा बोका असाच गेला, अजून वाईट वाटतं.

देवगडवाली: पिंजरा भिंतीलगत लावा, उंदीर कडेनेच पळतो. आत भाजलेलं खोबरं ठेवा, सुकी मासळी नको, मनीच येईल. पेंड पत्र्याच्या डब्यात ठेवा, भोकं जाळी-सिमेंटने बुजवा.

माडाखाली: आणि टायगरला लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस) लस द्या, उंदराच्या मुतातून होतो तो रोग.