बॅकस्ट्रीट बॉइज परत आले तर जावं का?

नौपाडा_नव्वदी: ४ मे २०२३ ला मुंबईत बीकेसीत या अमेरिकन बॉयबँडचा शो झाला तेव्हा मुलाचं आजारपण निघालं आणि माझं राहिलं. कोण गेलं होतं का इथलं? आता सगळे पन्नाशीच्या आसपास, गातात का नीट की नुसतं टेप लावून नाचतात? नवरा म्हणतो या वयात उगाच खर्च 🙄

खारेगावची_मी: अगं मी गेलेले बहिणीबरोबर! मेचा उकाडा, घामाने ड्रेस पाठीला चिकटलेला, पण पाचही जण समोर आले आणि मी जी किंचाळले ना, शेजारची कॉलेजातली पोरगी वळून बघायला लागली. २००६ मध्ये केविन गेलेला ना सोडून, २०१२ ला परत आला, म्हणून पाच जण एकत्र बघायचं अप्रूप वेगळंच. आवाज थोडा खाली आलाय, खोटं कशाला बोलू, पण कोरस पब्लिकच गात होती. १९९९ ला त्यांच्या मिलेनियम अल्बमची कॅसेट पेन्सिलीने गुंडाळलेली सगळी पिढी तिथे, कोणी गुडघ्याला पट्टा लावून सुद्धा 😂

हार्बरवाला: मला बॉयबँड झेपत नाहीत, बायकोसाठी गेलो आणि दोन गाणी पाठ निघाली, कुठे सांगू नका. येताना रिक्षा मिळेना, कुर्ल्यापर्यंत चालत. आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला ठेवा की, कोल्डप्ले बँडवाले २०२५ मध्ये तीन रात्री वाजवून गेले तिथे.

नौपाडा_नव्वदी: पट्टा माझ्याकडे आहेच 😅 नवऱ्याला हा धागा दाखवते.