शाळेच्या जुन्या वार्षिकांकांच्या पीडीएफमध्ये शब्द सापडत नाहीत; फॉन्ट बदलून घ्यावा की सगळे पुन्हा टंकावे?

नववी_ब_सांगली

नमस्कार. मी सांगलीत इयत्ता नववीत शिकतो. संगणक कक्षातले जुने कपाट आवरताना आम्हाला एका प्लास्टिकच्या डब्यात नऊ सीडी सापडल्या. त्यांवर आमच्या शाळेच्या २००३ ते २०११ या वर्षांतील वार्षिकांकांच्या पेजमेकर या पाने मांडण्याच्या प्रोग्रॅममधील फाइली आणि बहुतेक अंकांच्या पीडीएफ आहेत. छापील अंक आता जवळजवळ उरलेले नाहीत, कारण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा आमच्या ग्रंथालयातल्या खालच्या दोन फळ्या पाण्याखाली होत्या. हे अंक शाळेच्या संकेतस्थळावर वाचता येतील आणि त्यांत शोधताही येईल अशा रीतीने ठेवण्याचे काम सरांनी माझ्याकडे दिले आहे.

अडचण अशी आहे की पीडीएफ उघडली की पान अगदी व्यवस्थित दिसते, पण त्यातला ‘भारत’ हा शब्द उचलून दुसरीकडे चिकटवला तर मोठा एच, दोन के, जे आणि आर अशी इंग्रजी अक्षरे उमटतात. एका अंकात बाजारपेठेतल्या हळदीच्या सौद्यांवर दोन पानांचा लेख आहे; ‘हळद’ हा शब्द डोळ्यांना पाच वेळा दिसतो, शोधला की एकदाही सापडत नाही. फोनने पानाचे छायाचित्र काढून त्यातून मजकूर ओळखून घेण्याचाही प्रयोग केला. साधा मजकूर बरा आला, पण जोडाक्षरांची वाट लागली.

मित्रांचे म्हणणे असे की पानांचे फोटो टाकून मोकळा हो, कोण शोधणार आहे. आईचे म्हणणे असे की सरळ पुन्हा टंकून काढ. मला एक पान टंकायला अर्धा तास लागतो आणि पाने ५७६ आहेत. संगणक कक्ष शनिवारी दोन तास मिळतो, म्हणजे १४४ शनिवार. तोपर्यंत माझी दहावी होऊन मी शाळेबाहेर पडलेलो असेन. प्रोग्रॅमिंगच्या भाषांपैकी मला स्क्रॅच येते आणि पायथन थोडेसे येते. हे रूपांतर संगणकाकडून करून घेता येईल का, आणि मुळात असे होते कशामुळे, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

खिळे_ते_कळफलक (खणभाग, सांगली)

मी गेली तीस वर्षे अक्षरजुळणीचे काम करतो, आणि तू म्हणतोस तशा वार्षिकांकांपैकी काही माझ्याच टेबलावरून गेलेले असण्याची शक्यता आहे, तेव्हा उत्तर देणे मला भागच आहे.

तुझ्या पीडीएफमध्ये मराठी मजकूर नाहीच. त्यात इंग्रजी अक्षरांचे क्रमांक आहेत आणि त्या क्रमांकांना देवनागरीचे चेहरे चढवलेले आहेत. जुन्या फॉन्टमध्ये २५६ जागा असत, त्यांतल्याही काही वापरता येत नसत, आणि देवनागरीची सगळी अक्षरे, अर्धी रूपे व जोडाक्षरे तेवढ्यात मावत नसत. म्हणून फॉन्ट करणाऱ्यांनी अक्षरांचे तुकडे केले. कृतिदेव फॉन्टात मोठ्या एचच्या जागी अर्धा भ बसवला आहे आणि केच्या जागी काना. अर्ध्या भला एक काना लावला की पूर्ण भ होतो आणि दुसरा लावला की भा होतो. वडिलांच्या छापखान्यात खिळ्यांच्या कप्प्यांतून आम्ही हेच करत होतो, त्यामुळे आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. कागदावर ‘भारत’ उमटला की काम संपत असे. त्यात कोणी कधी शब्द शोधील हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

युनिकोड या आजच्या अक्षर-क्रमांकांच्या सामायिक पद्धतीत तसे नाही. तिथे देवनागरीसाठी ०९०० ते ०९७एफ (हे क्रमांक सोळाच्या पायाने मोजतात) अशा १२८ जागा स्वतंत्र राखलेल्या आहेत, क चा क्रमांक कोणत्याही फॉन्टात ०९१५ हाच राहतो, आणि अक्षर कसे दिसावे एवढेच फॉन्ट ठरवतो. विंडोज २००० पासून मंगल हा युनिकोड फॉन्ट संगणकात येऊ लागला होता, मग २०११ पर्यंत आम्ही जुनेच का वापरत बसलो, असे तू विचारशील. पेजमेकरला युनिकोड कळत नव्हते, आणि पेजमेकर सोडला तर दुकान बंद ठेवावे लागले असते, हे त्याचे खरे उत्तर आहे.

आता काम. सर्वांत आधी नऊही सीडींच्या प्रती संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर करून घे, कारण वीस वर्षांच्या सीडीचा काही भरवसा नसतो. मग संगणकावर पीडीएफ उघडून तिच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट्सची यादी पाहा. मजकूर कोणत्या फॉन्टात आहे ते तिथे नावासकट मिळते. हे कळल्याशिवाय कोणतेही रूपांतर करू नकोस. कोणत्या जागी कोणता तुकडा हा कृतिदेवचा तक्ता श्रीलिपीसारख्या दुसऱ्या फॉन्टाला चालत नाही, आणि शीर्षकांना तर आम्ही हौसेने भलतेच फॉन्ट लावत असू, त्यामुळे शीर्षके वेगळी काढावी लागतील.

शक्य असेल तेथे मजकूर पीडीएफमधून न उचलता पेजमेकरच्या मूळ फाइलीतून घे. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात प्रत्येक ओळ तुटते, आणि दोन रकाने असतील तर डाव्या रकान्यातली ओळ उजव्यात घुसते. पेजमेकर आता मिळणार नाही, पण लिबरऑफिसचा ड्रॉ हा विनामूल्य प्रोग्रॅम त्याच्या फाइली उघडतो. मांडणी थोडी विस्कटेल, तिकडे लक्ष देऊ नकोस; तुला मजकूर हवा आहे.

पोवई_नाका

मी साताऱ्यात संगणक अभियांत्रिकीची पदविका करतो आहे. तयार रूपांतरक महाजालावर पुष्कळ आहेत, पण तुला पायथन येत असेल तर स्वतःचा लिहावास असे मी म्हणेन, कारण चूक झाली की ती नेमकी कोठे झाली हे तुला कळेल. काकांनी सांगितलेल्या तुकड्यांचा तक्ता करायचा आणि एकेक तुकडा बदलत जायचे, इतके हे सोपे वाटते. मीही आधी तसेच केले होते आणि तीन ठिकाणी आपटलो होतो.

पहिली गोष्ट क्रमाची. केच्या जागी काना हा बदल तू आधी केलास, तर भ चा अर्धा भ आणि सुटा काना होऊन बसेल. म्हणून ‘मोठा एच आणि के मिळून भ’ असे मोठे तुकडे आधी बदलायचे आणि सुटे तुकडे शेवटी.

दुसरी गोष्ट पहिल्या वेलांटीची, आणि खरी डोकेदुखी हीच आहे. जुन्या फॉन्टात ही वेलांटी जशी दिसते तशीच, म्हणजे अक्षराच्या आधी टंकलेली असते. ‘किरण’ लिहिताना आधी एफ म्हणजे वेलांटी आणि मग डी म्हणजे क. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे क च्या नंतर साठवली जाते, त्यामुळे तिला पुढे सरकवावे लागते. मात्र ‘स्थिती’ या शब्दात तिला एक अक्षर ओलांडून भागत नाही, अख्खा स्थ ओलांडावा लागतो. काही जुन्या संकेतस्थळांवर ‘सि्थती’ असे विचित्र शब्द तू पाहिले असशील. तिथे वेलांटी स ओलांडून थांबलेली असते. तेव्हा प्रोग्रॅमला असे सांग की पाय मोडलेली जितकी व्यंजने ओळीने येतील तितकी सगळी आणि त्यांच्यापुढचे एक पूर्ण व्यंजन ओलांडल्यावरच वेलांटी ठेवायची.

तिसरा रफार. तो उलट दिशेने जातो. ‘मार्ग’ या शब्दात तो ग च्या नंतर टंकलेला असतो आणि त्याला ग च्या आधी न्यायचे असते. ‘वर्षा’मध्ये काना आणि ष असे दोन्ही ओलांडून मागे जावे लागते. वेलांटीचे काम पूर्ण झाल्यावरच रफाराला हात लाव, नाहीतर दोघे एकमेकांच्या वाटेत येतात.

लेखात मध्येच इंग्रजी शब्द असतील तर तेही या चक्कीतून जाऊन देवनागरीत दळून निघतील. त्यांवर आधीच खूण करून ठेव. मी ठेवली नव्हती, आणि एका शिक्षकांच्या पदव्यांचे जे काही झाले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

ज्या अंकांच्या फाइली उघडणारच नाहीत, त्यांच्यासाठी छापील पान स्कॅनरवर ३०० डीपीआयने घेऊन टेसरॅक्टला दे. हा चित्रातला मजकूर ओळखणारा मुक्त प्रोग्रॅम आहे आणि त्याच्यासाठी मराठीची वेगळी फाइल मिळते. फोनने तिरक्या धरलेल्या छायाचित्रापेक्षा निकाल पुष्कळ चांगला येतो.

मुद्रिते_वाचणारी_बाई

मी वाईची, म्हणजे विश्वकोशाच्या गावची, आणि शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. वरच्या दोघांनी यंत्राचे सांगितले. यंत्राला न दिसणाऱ्या दोन गोष्टी मी सांगते.

आपल्याकडे ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. फरक एवढ्याशा चिन्हाचा आहे, पण पाचगणीच्या सहलीच्या वर्णनात ‘खोल दर्या पाहिल्या’ असे आले तर वाचणारा हसल्यावाचून राहणार नाही. पुष्कळसे रूपांतरक हिंदीसाठी केलेले असल्यामुळे हा अर्धा र त्यांच्या तक्त्यात नीट नसतो. शिवाय माझ्या भाच्याने मला असे दाखवले की हे अक्षर युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिले जाते: एकदा खाली टिंब असलेल्या ऱ चा पाय मोडून, आणि एकदा साध्या र चा पाय मोडून त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना संगणक त्यांना बहुधा वेगवेगळे धरतो. तू सगळीकडे ऱ चीच रीत ठेव; इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून इंग्रजी ‘जे’ची कळ दाबली की ऱ येतो. ‘ॲ’चेही तसेच आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्यामुळे त्याआधीचे लोक अ वर चंद्र जोडून काम भागवत असत.

दुसरी गोष्ट माणसांची. शालेय अंकांत मुलांचे पत्ते, वाढदिवस आणि विषयवार गुण निःसंकोच छापलेले असतात. गावात चारशे प्रती वाटणे वेगळे आणि साऱ्या जगापुढे शोधता येईल असे ठेवणे वेगळे. ती मुले आज तिशीच्या आसपास असतील. एखाद्याचे गणितातले ३६ गुण तू आता वर आणलेस तर तो तुला दुवा देणार नाही. लेख आणि कविता ज्याच्या त्याच्या मालकीच्या असतात, त्यामुळे शाळेने माजी विद्यार्थ्यांना कळवून संमती घ्यावी, आणि पत्ते व गुणपत्रके सरळ वगळावीत. पुढे चालू वर्षाचा अंक चढवायचे ठरले तर सरांना २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा दाखव. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते.

नववी_ब_सांगली

काका, दादा आणि बाई, तुम्हा सर्वांचे आभार. गेल्या तीन शनिवारांत जे झाले ते कळवतो.

फॉन्टांची यादी पाहिल्यावर असे दिसले की २००३ ते २००६ चे चार अंक कृतिदेवमध्ये आहेत आणि पुढच्या पाचांपैकी चार दुसऱ्या फॉन्टात. उरलेली एक सीडी उघडलीच नाही, तिचा अंक स्कॅन करावा लागेल. मी २००६ च्या अंकापासून सुरुवात केली. पहिल्या फेरीत ‘विद्यार्थी’ या शब्दाचे इतके हाल झाले की संगणक कक्षात सगळे हसत होते, कारण त्यात पहिली वेलांटी, जोडाक्षर आणि रफार असे तिन्ही आहे. आता मी प्रत्येक बदलानंतर हाच शब्द तपासून पाहतो. पत्ते आणि गुणांची पाने सरांनी काढायला सांगितली आहेत, आणि माजी विद्यार्थ्यांच्या गटावर त्यांनी संदेशही पाठवला आहे.

एक नवीन शंका आहे. या अंकात २००५ च्या पुरावर मुलांनी लिहिलेले बरेच लेख आहेत, म्हणून मी ‘पूर’ शोधून पाहिले. हवे होते त्यातले दोनच उल्लेख सापडले, आणि त्यांच्या जोडीला ‘कोल्हापूर’, ‘सोलापूर’ आणि ‘पूर्वी’ असे एकूण १९ शब्द आले. रूपांतरात काही चुकले आहे का?

मुद्रिते_वाचणारी_बाई

रूपांतर बरोबर आहे. ‘पूर’ला विभक्तीचा प्रत्यय लागला की सामान्यरूपात दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो, म्हणून मुलांनी ‘पुराचे’, ‘पुरात’, ‘पुराने’ असे लिहिलेले असणार, आणि ते बरोबरच आहे. ‘पुरा’ एवढेच शोधून पाहा. ‘पुराण’ आणि ‘पुरावा’ हेही सापडतील, ते हाताने बाजूला काढ.