ॲल्युमिनियममध्ये १.२ मिमीची खाच मारायला कुठलं टूल घ्यावं?

मिनीलेथवाला:
लेथवर ४० मिमी व्यासाचा ॲल्युमिनियमचा जॉब (कापायचा तुकडा) आहे, त्यावर १.२ मिमी रुंद आणि ३ मिमी खोल अशा चार खाचा मारायच्यात. स्टीलसाठी आणलेला सोनेरी कोटिंगचा ग्रूव्हिंग इन्सर्ट (खाच मारायचं, टूलवर बसवायचं तयार टोक) लावला तर दोन मिमी आत जाईपर्यंत टोकाला ॲल्युमिनियम असं चिकटलं की टूल खाचेत अडकून तुटलंच. मी तर घाबरून अगदी हळूहळू फीड देत (टूल आत सरकवत) होतो तरी. आता नवीन इन्सर्ट घेऊ की एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) टूल घासून बनवू?

जुना टर्नर:
हळूहळू दिलंस तिथेच चुकलं बघ. टूल कापत नाही, नुसतं घासतं, गरम होतं आणि मग माल चिकटतो. साधारण ०.०३ ते ०.०५ मिमी पर रेव्ह (जॉबच्या एका फेऱ्याला) फीड न थांबता दे, चिप सुटताना दिसली पाहिजे. चारच खाचा असतील तर एचएसएसच घास. वरून रेक (वरच्या बाजूचा उतार) चांगला १५ अंशाच्या आसपास, पुढून ८-१० अंश क्लिअरन्स (जॉबला घासू नये म्हणून धारेखाली ठेवलेला उतार), आणि दोन्ही बाजूंनी मागे आणि खाली एक-दीड अंश उतरता ठेव, हे बाजूचं क्लिअरन्स लोक विसरतात आणि मग दोष टूलला देतात. शेवटी वरची बाजू ऑइलस्टोनवर चकचकीत कर. आरपीएम ६०० ठेवलास तरी ७५ मीटर पर मिनिट स्पीड मिळतो, एचएसएसला पुरे.

फीडरेट:
इन्सर्टच हवा असेल तर बिनकोटिंगचा, पॉलिश केलेला, ॲल्युमिनियमसाठीचा घे. ज्या कोटिंगमध्येच ॲल्युमिनियम असतं ते तर अजिबात नको, चिकटायला आमंत्रणच. एचएसएस घासणार असशील तर १ मिमीचं बनव, आधी सरळ आत घाल, मग कंपाउंडने (टूल बाजूला सरकवायच्या छोट्या स्लाइडने) ०.२ मिमी सरकवून रुंदी काढ.

जुना टर्नर:
@फीडरेट ते सरकवणं रुंद खाचेत ठीक, इथे नको. एवढं बारीक पातं एकाच बाजूने कापायला लागलं की रिकाम्या बाजूला झुकतं, खाच वर रुंद आणि तळाला अरुंद येते. मायक्रोमीटर लावून नेमकं १.२ चंच घास ना, दहा मिनिटं जास्त जातील.

मिनीलेथवाला:
घासलं. पहिल्या टूलला बाजूचं क्लिअरन्स कमी पडलं, कुईंकुईं करायला लागलं, परत घासलं. पातं फक्त ४ मिमी बाहेर, सेंटर हाइट (टूलची धार जॉबच्या मध्याच्या उंचीला) नीट, रॉकेल ब्रशने सोडत राहिलो आणि दर मिमीला बाहेर काढून चिप साफ केली. चारही खाचा निघाल्या, तिसरीच्या कडेला थोडा बर (कडेला उरलेली धातूची टोकेरी किनार) आहे तो कानशीने जाईल.