अनुभव धागा: परमुलखात आरोग्य-संशोधनाला गेला होतात का?

पाणथळ
काल लेकीला जुलाब होऊ लागले म्हणून सासूबाईंनी ओआरएसची पुडी काढली, पेलाभर पाण्यात निम्मी टाकली आणि उरलेली चिमटा लावून डब्यात ठेवली. "अहो आई, ती एक लिटरची पुडी आहे," असे म्हणताना माझा आवाज नको तेवढा चढला, आणि २००९ सालचे बांगलादेश डोळ्यांपुढे उभे राहिले.

तेव्हा मी लंडनला सार्वजनिक आरोग्य शिकत होते आणि प्रबंधासाठी दहा आठवडे तिकडे गेले होते. ढाक्यातील महाखालीच्या आयसीडीडीआरबी या अतिसार-संशोधन संस्थेच्या रुग्णालयात खाटांना मधोमध भोक असते आणि खाली बादली ठेवलेली असते. पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रुग्णाचे तांदळाच्या धुवणासारखे जुलाब थेट बादलीत पडतात. किती गेले ते बादलीवरून पाहायचे आणि तेवढे पाणी, मीठ, साखर परत अंगात घालायचे, असा रोखठोक हिशेब. तीव्र पटकीत मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते, हे वाक्य मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. ते बादलीत उतरताना पाहिले तेव्हा मात्र मी बाहेर जाऊन पायरीवर बसले.

पुढे मतलबला गेले. (गावाचे नावच मतलब आहे, मराठी माणसाने हसू आवरावे.) तेथे १९६६ पासून जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची घरोघर नोंद ठेवली जाते. माझ्या प्रश्नावलीत "किती मिलिलिटर सलाइन पाजले?" असा प्रश्न होता (तिकडे ओआरएसलाच सलाइन म्हणतात). सोबतच्या आपांनी (आपा म्हणजे ताई) तो वाचला, कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि घरच्या बाईला म्हणाल्या, "ज्यात कालवलेस ते भांडे घेऊन ये." तिने जर्मनचा मग आणला, त्यात नेहमीएवढे पाणी ओतून दाखवले आणि आपांनी ते मापाच्या बाटलीत मोजले. तिकडची पुडी अर्ध्या लिटरची असते आणि मगात पाणी होते त्याच्या निम्मे. माझ्या प्रश्नाला तिने आदबीने "पाचशे" असे उत्तर दिले असते आणि मी ते टिपून मोकळी झाले असते.

तुमच्यापैकी कोणी असे गेले असेल, तर अवश्य लिहा.

दप्तरदार
मी लंडनला गेलो आणि वाचले काय, तर मुंबई. प्लेगच्या जुन्या अहवालांवर काम होते, त्यामुळे 'क्षेत्र' म्हणजे तळघरातील एक टेबल. जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत आपली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली, हे परळला त्यांच्या नावाच्या संस्थेवरून शाळेत जाताना ठाऊक नव्हते. ते केपेल स्ट्रीटवर कळले. तेथील लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या बाल्कन्यांवर डास, पिसू, उंदीर अशी मंडळी सोनेरी मुलामा लावून बसवली आहेत. आईला फोटो पाठवला, तर ती म्हणाली, "ढेकूण आहे का बघ." आहे.

वांगीपोहे
@पाणथळ, बंगालीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, हे तुम्हाला आधी माहीत होते का? मी कोलकात्यात सर्वेक्षण करत असताना सहकारी प्रत्येक बाईला "आपनार शिक्षा कतोदूर?" असे विचारत असे आणि मला वाटे, हिने असा काय गुन्हा केला आहे! वर कोणी "चेष्टा कोरबो" म्हटले की मी मनातून दुखावलो जाई. ते बिचारे 'प्रयत्न करीन' म्हणत असत.

किनारपट्टी
मी केनियात किलिफीला हिवतापाच्या एका अभ्यासात तीन महिने होतो. वडीलधाऱ्यांना 'शिकामू' म्हणायचे आणि त्यांनी 'मराहबा' म्हणून ते स्वीकारायचे, त्याआधी कामाचा विषय काढायचा नाही, एवढे पहिल्याच दिवशी शिकलो. 'हिसाबु', 'साबुनी', 'बिमा' हे शब्द ऐकून गावी आल्यासारखे वाटले आणि मी उगाच धीट झालो. एका आजींना संमतिपत्र समजावून सांगत होतो. नातवाचे दोन चमचे रक्त घेणार, नाव गुप्त राहणार, केव्हाही नकार देता येईल, असे सगळे घडाघडा बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मागच्या वर्षी नेले ते कुठे आहे?" माझ्या कागदावर याचे उत्तर नव्हते. परके लोक रक्त नेऊन विकतात ही भीती त्या भागात फार जुनी आहे, आणि मी तिला अडाणीपणा समजत होतो. स्थानिक सहकाऱ्याने वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यात आजींना आणि चार शेजाऱ्यांना गाडीत घालून प्रयोगशाळेत आणले आणि शीतपेटी उघडून नळ्यांची रांग दाखवली. आजींनी नळीवरचा आकडा बोटाने गिरवला, पण नातवाला अभ्यासात काही घातले नाही. तो त्यांचा हक्कच होता.

खारी_बटर
किनारपट्टी, पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीबद्दलही लिहा ना! भाचीचे आफ्रिकेचे ठरते आहे.

किनारपट्टी
लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य धरतात आणि आता ते आयुष्यभर चालते. ते पिवळे पुस्तक हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा. परतताना ते दाखवता आले नाही, तर आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मी ते मोठ्या बॅगेत टाकले होते आणि आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलापाशी माझी जी तारांबळ उडाली, ती भाचीची होऊ नये.

सेमाडोह
मी उलट्या बाजूने लिहिते. मी कोठे गेले नाही. परदेशातील एक विद्यार्थिनी मेळघाटात आमच्याकडे आली होती आणि मी तिची दुभाषी होते. ती इंग्रजीत विचारी, मी मराठीत, आणि एक मावशी कोरकूत. उत्तर त्याच वाटेने परत येई आणि वाटेत बरेच सांडे. अंगणवाडीच्या आहाराबद्दल किती समाधानी आहात, ते एक ते पाचमध्ये सांगायचे होते. एका आजींनी मुलीच्या घामेजलेल्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "एवढ्या लांबून आली आहे बिचारी. तिला किती पाहिजे तेवढे लिही." मी भाषांतर केले. मुलीने पेन खाली ठेवले आणि त्या दिवशी पुढे काही विचारले नाही. चुलीपाशी बसून भाकरी खाल्ली. मुलगी गुणी होती. पण अहवाल गावाला दाखवायला येईन असे सांगून गेली, त्याला अकरा वर्षे झाली. आजी दोन-तीन वर्षे विचारत होत्या.

पाणथळ
सेमाडोह, तुमचे वाचून दुपारी माळ्यावरची पेटी काढली. प्रबंध आहे, त्यात आपांचे आभारही आहेत, नाव चुकीच्या स्पेलिंगने. मतलबला पाठवायचा म्हणून केलेला दोन पानी बंगाली सारांश मागच्या खणात तसाच निघाला, पाकिटात घातलेला आणि तिकीट न लावलेला. सासूबाईंनी कसले पत्र म्हणून विचारले, तेव्हा त्यांनाच मराठीत वाचून दाखवले. आपांनी मगातले पाणी मोजले तो भाग आला तेव्हा सासूबाई उठल्या आणि डब्यातली निम्मी पुडी काढून टाकली.