सिकलसेलचं दुखणं उठलंय, आणि हॉस्पिटलवाले म्हणतायत डोळे मिटून श्वासाकडं बघा

होटगीरोडवाला:
मंडळी, जरा वेगळा विषय. माझा भाचा चंद्रपूरचा, इथं सोलापुरात इंजिनिअरिंगला आहे. सिकलसेल, एसएस पॅटर्न, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून आलेला. मे महिन्यातलं आपलं ऊन तुम्हाला माहितीचाय, पोरगं दिवसभर सबमिशनच्या नादात उन्हात फिरलं, पाणी धड प्यायलं नाही आणि रात्री पाठ आणि दोन्ही मांड्या धरून लोळायला लागलं. एका खाजगी हॉस्पिटलात नेलं, नाव घेत नाही. सलाईन लावलं, त्यातून पॅरासिटामॉल दिलं आणि पुढचं काय ते मोठे डॉक्टर आल्यावर म्हणाले. मग एक मॅडम आल्या, मोबाईलवर पावसाचा आवाज लावला आणि म्हणतात कशा, जिथं दुखतंय तिथं प्रेमानं लक्ष ने बाळा. बाळ उशी चावालंय इकडं!

माझं म्हणणं एवढंच, योगाला माझा विरोध नाही, सकाळी मी पण जातो. पण हे टेन्शनचं दुखणं आहे का? रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक नसांत अडकतात, हाडाला ऑक्सिजन पोचत नाही म्हणून दुखतं. अमेरिकन हिमॅटॉलॉजी सोसायटी, म्हणजे तिकडच्या रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांची संघटना, तिची २०२० ची गाइडलाइन आहे, हॉस्पिटलात पोचल्यापासून तासाभरात दुखण्याचं औषध द्या आणि मग दर अर्ध्या-एक तासानं परत विचारा किती कमी झालं. आमच्याकडं आधी ध्यान झालं आणि इंजेक्शन पहाटे आलं. हा क्रम मला मान्य नाही. बोला.

जुळेसोलापूर_योगवर्ग:
दादा, राग कळतो, पण अर्धंच सांगताय. त्याच गाइडलाइनमध्ये क्रायसिसच्या, म्हणजे असं दुखणं उठण्याच्या वेळी नेहमीच्या औषधांच्या जोडीला मसाज, योग, रिलॅक्सेशनचे ऑडिओ-व्हिडिओ हे सगळं सुचवलेलं आहे की. न्यूयॉर्कला सिकलसेलनं ॲडमिट झालेल्या मुलांवर अभ्यास पण झालाय, २०१७ ला छापून आला, ७३ पेशंट होते. एकाच योग सेशननंतर दुखणं कमी झालं, आणि नुसतं गाणं ऐकवलेल्या मुलांचं झालं नाही. म्हणजे त्या मॅडम काही हवेतलं करत नव्हत्या. आपल्याच मातीतली गोष्ट तिकडचे लोक दवाखान्यात वापरालेत आणि आपण नावं ठेवतोय.

होटगीरोडवाला:
ताई, वाचलाय मी तो. किती कमी झालं ते पण लिहा की मग. दुखण्याला मार्क देतात त्यात सरासरी ०.६. पूर्ण एक मार्क पण नाही. आणि ॲडमिट राहायचे दिवस, मॉर्फिनसारखी दुखण्यावरची जोरदार औषधं, घाबरलेपण, यात दोन्हीकडच्या मुलांत फरक पडला नाही. ती मुलं औषधावर होतीच, वरून योग होता. गाइडलाइनमधली सूचना पण तशीच, आणि तीही ठाम नाही, करून बघायला हरकत नाही अशा थाटाची. आमच्याकडं पॅरासिटामॉलच्या पुढं औषधाचा पत्ताच नव्हता.

रात्रपाळी_सिस्टर:
मी वॉर्डात काम करते, कुठल्या ते सोडा. काका, तुम्ही म्हणता तासाभरात द्या, देते की, पण काय देऊ? मॉर्फिन कुलुपात असतं, रजिस्टर असतं, एकेका ॲम्प्युलचा हिशोब द्यावा लागतो. २०१४ ला कायदा बदलून सोपं केलंय म्हणतात, तरी बऱ्याच लहान हॉस्पिटलात ते ठेवतच नाहीत, कशाला कटकट म्हणून. आपल्या भागात सिकलसेलचा पेशंट क्वचित येतो, हा आजार विदर्भात आणि नंदुरबारकडं जास्त, त्यामुळं ड्यूटीवरचा ज्युनियर पोरगा बिचकतो. अख्ख्या वॉर्डाला मी एकटी. अशा वेळी पेशंटजवळ कुणी बसून श्वास मोजायला लावत असेल तर मला तरी ते नुसतं ओरडू देण्यापेक्षा बरं वाटतं.

आणि श्वासाचं म्हणाल तर खरं कामाचं वेगळंच आहे. ते तीन रंगीत बॉलचं प्लास्टिकचं यंत्र असतं बगा, नळी तोंडात धरून हवा आत ओढायची आणि बॉल वर न्यायचे. छाती-पाठीत दुखणाऱ्या सिकलसेलवाल्याला जागेपणी दर दोन तासांनी दहा-दहा वेळा करायला लावतात. दुखतं म्हणून पेशंट वरवरचा श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही, त्यातनं छातीचा त्रास वाढला तर जिवावर बेततं. हे करून घेतलं का तुमच्या भाच्याकडून? तिथं कुणी लक्ष देत नाही. आणखी एक, नातेवाईक प्रेमानं बर्फाची पिशवी घेऊन येतात. गारव्यानं नसा अजून आखडतात. शेकायचं तर गरमच.

गडचिरोलीची_सून:
मी स्वतः एसएस. लग्न होऊन इकडं आले. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

मी रोज करते हो ते ध्यान. झोपून पायापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडं लक्ष न्यायचं. घरातल्या बारीकसारीक दुखण्याला आणि मुख्य म्हणजे भीतीला चांगलं आहे, आता परत उठणार का या धास्तीनंच निम्मा जीव जातो. पण हॉस्पिटलात याचा उलटा तोटा होतो तो कुणी बोलत नाही. मी डोळे मिटून शांत पडते, कारण लहानपणापासून तेच शिकले, हलले की जास्त दुखतं. डॉक्टर येतात, बघतात आणि म्हणतात, दहापैकी आठ म्हणता पण चेहऱ्यावर तर काही दिसत नाही! ओरडले तर नाटक, नाही ओरडले तर दुखत नाही. मग औषधाचं नाव घेऊन मागितलं की संशय वेगळाच, सवय लागली का म्हणून. त्यामुळं ध्यान शिकवा, जरूर शिकवा, पण माझ्या शांतपणावरून डोस ठरवू नका.

आसनांचं पण सांगते. माझा एक खुबा गेलाय, रक्तपुरवठा तुटून हाड खराब होतं तसा. वज्रासन, पद्मासन बंद. मागे एका शिबिरात जोरात कपालभाती आणि श्वास कोंडून धरायला लावला, मी उठून आले. ज्याच्या पेशी ऑक्सिजन कमी झाला की वाकड्या होतात त्याला श्वास कोंडायला लावायचा, कमाल आहे नं.

नैसर्गिक_आरोग्य_६२:
मूळ कारण पोटात आणि मनात असतं. रोज दोन तास साधना केली तर सिकलसेल मुळापासून जातो. सिकलसेलला देतात ते हायड्रॉक्सीयुरिया कॅन्सरचं औषध आहे, ते खाऊन लोक मरतात. आधी ते बंद करा.

जुळेसोलापूर_योगवर्ग:
काका, हात जोडते, असलं लिहू नका. जनुकातला आजार आहे, आईवडील दोघांकडून येतो, साधनेनं जनुक बदलत नाही. हायड्रॉक्सीयुरियानं आईच्या पोटातल्या बाळाच्या रक्तात असतं तसलं हिमोग्लोबिन वाढतं आणि दुखणी कमी वेळा उठतात. कमीजास्त करायचं ते रक्त तपासून डॉक्टर करतील. तुमच्यासारख्यांमुळं आमच्या क्लासचं नाव खराब होतं आणि मग होटगीरोडवाले दादा आमच्यावर घसरतात.

गडचिरोलीच्या ताई, श्वास कोंडण्याचं मला खरंच सुचलं नव्हतं. विचारून घेईन आता पेशंटला. पण दादा, तुमचं क्रमाचं मला अजून पटत नाही. औषध यायला वेळ लागतोय हे दिसतंय, तेवढ्या वेळात मुलाजवळ कुणी बसलं तर बिघडलं काय?

होटगीरोडवाला:
बिघडतं. कारण मग सगळ्यांना वाटतं काहीतरी चाललंय. मी पण तासभर गप्प बसलो, उपचार चालूय म्हणून. त्या तासात ड्यूटी डॉक्टरला धरून विचारायला पाहिजे होतं की इंजेक्शन कुणाच्या सहीसाठी अडलंय.

गडचिरोलीची_सून:
दादा, भाच्याला एक करायला सांगा. नागपूर-चंद्रपूरला त्याला जे डॉक्टर बघतात त्यांच्याकडून लेटरहेडवर लिहून घ्या, दुखणं उठलं तर याला कुठलं औषध, किती, कशानं त्रास होतो, किडनीचं काय. मी पर्समध्ये लॅमिनेशन करून ठेवलंय. २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सरकारचं मिशन सुरू झालं, २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचंय म्हणे, तपासण्या झाल्या, कार्डं वाटली, चांगलंच आहे. पण रात्री दोनला मॉर्फिन कुठं मिळेल हे काही त्या कार्डावर नसतं.

रात्रपाळी_सिस्टर:
कागद आणा, खरंच आणा. ज्युनियर पोराला पण लेखी काही दिसलं की धीर येतो. आणि ड्यूटी डॉक्टरला उठवायचं म्हणता काका, आम्ही उठवतो. उठवल्यावर आमच्यावर जे ओरडतात त्याच्यावर पण काढा एखादा धागा.