मुलं हॉटेल लाइन सोडतात ती ट्रेनिंगमध्येच

'आजच्या पोरांना कष्ट नकोत, म्हणून हॉटेल मॅनेजमेंट करून बँकेत जातात' हे म्हणणं मला अर्धवट वाटतं. मी सिंधुदुर्गात अशा मुलांना सहा वर्षं शिकवलंय. पहिल्या वर्षाला सगळ्यांना शेफ नाहीतर फ्रंट ऑफिस (म्हणजे रिसेप्शन) हवं असतं. हाउसकीपिंगला, म्हणजे खोल्यांच्या साफसफाईला, हात वर करणारा एखादाच. मग येतं हॉटेलातलं सहा महिन्यांचं ट्रेनिंग, आणि मन तिथे फिरतं.

माझी एक विद्यार्थिनी परत आली ती टाचा सोलवटून. रोज चौदा खोल्या, चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडायचे, एक सुरकुती दिसली की पुन्हा पहिल्यापासून. त्याचं तिला काही नव्हतं. ब्रेक शिफ्टने मात्र ती वैतागली: सकाळी दहा ते तीन, मग संध्याकाळी सात ते बारा. मधले चार तास जायचं कुठे? स्टायपेंड तर खोलीच्या भाड्यातच संपायचा.

त्यात घरचे. 'शिकूनसवरून लोकांच्या बश्या उचलणार?' हे वाक्य मी पालकसभेत इतक्यांदा ऐकलंय! (त्याच घरच्यांना क्रूझवरची नोकरी मात्र चालते. बश्या त्याच, पगार डॉलरात.)

१९९७ साली आमचा जिल्हा पर्यटन जिल्हा झाला, तरी पोरं कामाला गोव्यातच जातात. इथला हंगाम दिवाळी ते मे, पावसाळ्यात पगार कोण देणार? तारकर्लीत पर्यटकांसाठी घरच्याच खोल्या चालवणारे माझे दोन विद्यार्थी मात्र टिकलेत.